दर्याचं पान

माझ्या सासूला, सगुणाला, कुणी गायिका म्हटलेलं चालत नाही. मध्यंतरी कोळीवाड्यात एक वाहिनीवाले आले होते, त्यांनी तिला "लोकगायिका" म्हणून हाक मारली. बाई सुक्या बोंबलाची टोपली उचलून चालती झाली. मागून मला म्हणाली, "गानारी ती टीवीवरची. मी लगीन लावतंय."

आणि ते खरंच आहे. वेसाव्यात आमच्या गल्लीतलं लग्न भटजी लावतो ते पत्रिकेपुरतं. खरं लग्न आदल्या दिवशी हळदीच्या मांडवात धवलारीण लावते, धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणून. ना ढोलकी, ना पेटी. सगुणा एक ओळ म्हणते, तिची जोडीदारीण नीला तीच ओळ पुन्हा उचलते, आणि असं तीन-तीन तास चालतं. आधी देवांना बोलावणं, मग गावांना, खाडीला, होड्यांना, आणि शेवटी त्या घरातल्या मेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येक नावाला केळीचं एक पान, पानावर भात, सुका जवळा, आणि ज्याला हयातीत लागायची त्याला थेंबभर दारू. नाव घेतलं नाही तर तो बिचारा मांडवाबाहेर उपाशी उभा राहतो, अशी समजूत. जेवला की मात्र फुकट जायचं नाही. पानावर बसलेल्याने नवरीला आहेर द्यायचा, म्हणजे आशीर्वाद द्यायचा. मेलेला माणूस असला तरी आमचे कोळी त्याला मोकळा सोडत नाहीत.

हे सगळं मी "आमचे" म्हणून सांगते आहे, पण मी मूळची इथली नाही. माझे आईवडील जालन्याकडचे, मी वाढले भांडुपला, बौद्ध घरात. माझं लग्न विहारात झालं, त्रिसरण-पंचशील म्हणून. सासू पहिल्या रांगेत गप्प बसून होती. सगळं आटोपल्यावर माझ्या आईला हळूच विचारलं, "एक म्हटलं तर चालंल का?" आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या मधे तिने मला धवला म्हटला. माझी आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. त्याआधी ती रडायला विसरली होती, इतकी कामं होती.

मी पालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे. मेलेली माणसं जेवत नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे आणि मी ते तोंडावर सांगते. सगुणा म्हणते, "तुजं तू धर, माजं मी. पान तेवढं सरल मांड." त्यामुळे हळदीच्या मांडवात पानं मांडायचं काम माझ्याकडे आहे. टोक दक्षिणेला, दोन पानांत वीतभर अंतर.

तिला लिहितावाचता येत नाही. तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात सुकी मासळी विकली, रिक्षात बसून धवले घोकले. चौदा घरांच्या चार-चार पिढ्या तिला पाठ आहेत. तिच्या आत्याने जवळा निवडता निवडता शिकवलं आणि एकच नियम घालून दिला, की धवल्यातला शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. एकदा नीलाने पोरींना हसवायला मधेच "मोबाईल" घातला. सगुणा महिनाभर तिच्याशी बोलली नाही. दोघी लग्नाला जायच्या, तीन तास एका सुरात म्हणायच्या, आणि दोन वेगळ्या रिक्षांनी परत यायच्या.

आता आमच्या शेजारच्या घराचं सांगते. धर्मादादा आणि कुंदावहिनी. त्यांची मुलगी कल्पिता आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा अल्पेश. धर्मादादांच्या बोटीला हल्ली डिझेलपुरती मासळी मिळेना, म्हणून अल्पेशने कोर्स केला आणि तेलाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला. पोरगा हसरा, आगाऊ. मला "वहिनी, सुई टोचून दाखव" म्हणत दवाखान्यात टाइमपास करायला यायचा.

एप्रिलमध्ये तिकडे आखातात लढाई पेटली आणि त्याच्या जहाजावर काहीतरी येऊन पडलं. क्षेपणास्त्र की ड्रोन, बातम्यांत रोज वेगळं सांगत. जहाज जळालं आणि बुडालं. एकवीस माणसांपैकी चौदा मिळाली. सात सापडत नाहीत, असं कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं. अल्पेश त्या सातांत होता.

कल्पिताचं लग्न मेच्या चोविसाव्या तारखेचं, सहा महिन्यांपूर्वी ठरलेलं. ती म्हणाली, मी लग्न करणार नाही. नवरा मुलगा खाडीपलीकडच्या मढचा, समजूतदार, म्हणाला थांबू. कुंदावहिनीच अडून बसल्या. "तो येल आनि बहिनीचं लगीन राह्यलेलं बघंल, तर मनाच बोलंल. तारीक हाय ती हाय." तारीख पुढे ढकलणं म्हणजे पोरगा गेला हे कबूल करणं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. धर्मादादा दिवसभर बोटीवर बसून, न फाटलेलं जाळं विणत राहायचे.

त्यात मेच्या मध्याला किनाऱ्यावर डांबर आलं. दर वर्षी थोडंफार येतंच, पण या वेळी वाळू दिसेना. लाडवाएवढे काळे गोळे, जाळ्यांना चिकटलेले, बोटींच्या तळाला, पोरांच्या चपलांना. मेलेले खेकडे डांबरात रुतून बसलेले. बोंबलाला घासलेटचा वास यायला लागला. बाजारात बायका मासा हातात घ्यायच्या, हुंगायच्या आणि खाली ठेवायच्या. सगुणा दोन दिवस भरलेली टोपली परत घेऊन आली. दवाखान्यात माझ्याकडे पायांना पुरळ आलेल्यांची रांग. कुठल्याशा कार्यालयातून माणसं आली, बाटल्यांत नमुने भरून घेऊन गेली, ती पुन्हा दिसली नाहीत. हे तेल कुठलं, कुणाच्या जहाजाचं, आजपर्यंत आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. लढाई करणारे कुठे बसलेत आणि पाय कुणाचे सोलतायत!

एका सकाळी ड्यूटीला जाताना बघितलं तर कुंदावहिनी पाण्याशी उभ्या. हातात डांबराचा गोळा. हुंगत होत्या.

"शर्मी, ह्यो त्याच्या जहाजाचा असंल का गं?"

मला काही ठाऊक नव्हतं. तरी मी ठणकावून सांगितलं, "नाही वहिनी, हे दुसरंच आहे." घरी नेऊन खोबरेलाने त्यांचे हात पुसले. डांबर साबणाने जात नाही, खोबरेलाने जातं. त्या आठवड्यात कोळीवाड्यातल्या प्रत्येक उंबऱ्यावर खोबरेलाची वाटी आणि एक चिंधी होती.

हळदीच्या आदल्या दुपारी धर्मादादा आमच्याकडे आले. आत येईनात, दारातच उभे राहिले.

"सगुने, उद्या नावं घेशील, तवा त्याचं पन घे."

सगुणा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "खबर नाय तवर नाय, धर्मा."

"आनि गेला असंल तर? बहिनीचे लग्नाला येल, सगली जेवतील, नि तो बाहेर उपाशी उभा ऱ्हाईल. माज्यानं नाय बघवत."

"नाय म्हनजे नाय."

ते गेले. तासाभराने कुंदावहिनी आल्या. त्यांना नवरा येऊन गेल्याचं माहीत नव्हतं. त्या सरळ आत शिरल्या आणि सगुणाचा हात धरला. "त्याचं नाव चुकूनबी तोंडान् आनू नको. मेल्यांच्यान् घेतलंस, तर तू मारलास त्याला."

त्यानंतर सगुणा जेवली नाही. मी म्हटलं, आई, एवढं काय, तुम्हाला जे पटतं ते करा, नाहीतरी ही सगळी समजूतच आहे. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्याने भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी मांडवात मी बारा पानं मांडली. त्या घरची बारा नावं. दोनदा मोजली. गोळ्या मोजायची माझी सवय आहे, हात चुकत नाही. मग भाताचं पातेलं आणायला आत गेले, तिथे कल्पिताची साडी नेसवायला थांबले. बाहेर आले तेव्हा मांडव भरला होता. सगुणा आणि नीला पाटावर बसल्या होत्या.

धवला सुरू झाला. देव झाले, गावं झाली. मग नावं. एकेका नावासरशी पिवळीधम्मक कल्पिता पुढे होऊन पानावर भात ठेवत होती. पणजा, पणजी, वादळात गेलेला चुलत आजा, बाळंतपणात गेलेली आत्या. बारावं नाव झालं. सगुणा थांबली.

आणि पुढे एक पान रिकामं होतं. तेरावं.

मांडवात कुजबुज उठली. कुंदावहिनी ताडकन उभ्या राहिल्या. बोट पानाकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "शर्मीनं मांडलंय! बाहेरच्या पोरीला कशाला द्यायची असली कामं?" आणखी दोघींनी री ओढली.

माझं डोकं फिरलं. मी उठलेच. दिवसाला पाचशे गोळ्या मोजते मी, मला बारा पानं मोजता येत नाहीत? चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात माझं लक्ष धर्मादादांकडे गेलं. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. लग्नासाठी शिवलेला नवाकोरा पांढरा शर्ट, आणि त्याच्या उजव्या बाहीवर केळीच्या चिकाचा ओला डाग. पान कापताना पडतो तो. ते माझ्याकडे बघत होते. माणूस असा बघतो तेव्हा त्याला उघडं पाडता येत नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं आणि खाली बसले. आयुष्यात हे दोन शब्द मी इतक्या सहज कधी बोललेले नाही. माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही.

पण त्याने प्रश्न सुटला नव्हता. मांडवात एकदा मांडलेलं पान रिकामं उचलायचं नसतं. उचललं तर घरावर आणखी कुणाचं तरी पान येतं म्हणतात. म्हणजे कुणाचं तरी नाव घेणं भाग होतं. कुंदावहिनी हात जोडून सगुणाकडे बघत होत्या. धर्मादादा खाली बघत होते. सगळ्या मांडवाला कळत होतं की कुठलं एकच नाव उरलंय.

सगुणाने पान बघितलं. मग धर्मादादांची बाही बघितली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने डोळे मिटले. आणि मी कधीही न ऐकलेली ओळ मांडवात आली.

ये रं दर्यादेवा, बैस तेराव्या पानाला,
काले झाले पाय तुजे, तेल देतंय पुसायाला.

नीलाने ती ओळ उचलायची होती. ती नुसती तोंड उघडं टाकून सगुणाकडे बघत राहिली. जिने एका शब्दासाठी महिनाभर अबोला धरला होता, ती आज अख्खी ओळ नवी म्हणत होती. सगुणाने डोळे न उघडता तिच्या गुडघ्यावर थाप मारली. मग नीलाचा आवाज आला, कापरा, पण आला.

कुनी पेटविली जहाजां, कुनी सांडलं डांबर,
तुजा नाय गुना देवा, तू त पोरांचं घर.

आता म्हाताऱ्या बायका नीलाच्याही आधी ओळ उचलायला लागल्या. सगुणाने मेलेले खेकडे घेतले, घासलेटचा वास मारणारा बोंबील घेतला, जाळी घेतली. सात माणसं घेतली. नाव एकाचंही नाही. मांडवाला त्यातलं एकच नाव माहीत होतं. बाकीचे सहा कुठल्या गावचे, त्यांच्या आयांनी कुठे वाट बघत उभं राहायचं, हेही तिने दर्यालाच विचारलं. आणि मग, जेवलेल्या पाहुण्याला विचारतात तसं, सरळ मागितलं.

जेवलास आमचे घरा, आता आयेर द्यावा लागं,
नवरीचा भाऊ धाड, दुसरा काय नाय मागं.

मला रडू कोसळलं. समजूत वगैरे सगळं ठीक आहे, पण त्या ओळीला मी रडले आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कुंदावहिनी पुढे आल्या. तेराव्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने भात वाढला, जवळा वाढला आणि शेजारी खोबरेलाची वाटी ठेवली. धर्मादादा खांबाशीच खाली बसले होते. त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं होतं. लोकांना वाटलं, गाण्याने रडतायत.

घरी आल्यावर मी सगुणाला म्हटलं, "आई, धवल्यातला शब्द बदलायचा नसतो ना?"

"बदलला कुठं? वाढवला." एवढं बोलली आणि भिंतीला टेकून रडायला लागली. "वर गेल्यावर आत्या मना मारंल गो. साठ वर्सांचा तिचा धवला, मी मधीच माजा घुसवला."

मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं की मला या विषयातलं काही कळत नाही, पण आज जे झालं ते तिने आयुष्यात केलेल्या सगळ्या कामांत सगळ्यात चांगलं होतं. ती नाक पुसत म्हणाली, "तुना काय कलतं? तू पान त मोजून मांड." म्हणजे थोडं बरं वाटलं असावं. शर्टाच्या बाहीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही नाही.

लग्न झालं. जून लागला, मासेमारीची बंदी आली, बोटी वर ओढल्या. तीन तारखेला दुपारी धर्मादादांच्या फोनवर कुठलासा लांबलचक नंबर आला. त्यांना वाटलं कर्ज घ्या म्हणणारे असतील, त्यांनी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा शिवी देऊन कापला. चौथ्यांदा कुंदावहिनींनी फोन हिसकावून घेतला आणि त्यांना आवाज आला, "आये, बाबा शिव्या कशाला देतो?"

त्यांची किंकाळी मी दवाखान्यात ऐकली, असं मी सांगत असते. दवाखाना अर्धा किलोमीटर लांब आहे, तेव्हा ते खरं नसेल. पण मी धावत आले हे खरं. गल्लीत जो तो दुसऱ्याला मिठी मारत होता. नीला चपला हातात घेऊन धावत आली होती. सगुणा मात्र आमच्या उंबऱ्यावर बसून होती, पाय पसरून, खूप चालून आलेल्या माणसाने बसावं तशी. "आयला," म्हणजे आला, एवढंच म्हणत होती. "आयला गो बाय."

अल्पेश आणि आणखी दोघं तराफ्यावर चार दिवस वाहत गेले होते. एका लाकडी गलबताने त्यांना उचललं आणि कुठल्याशा छोट्या बंदरात उतरवलं. तिथे लढाईमुळे सगळ्यांवर संशय. कागद बुडालेले. महिना-दीड महिना एका खोलीत ठेवून तेच तेच प्रश्न विचारत राहिले, फोन करू देईनात. सातांपैकी तिघं परत आले. चौघं नाही आले. त्यांची नावं आता आम्हाला अल्पेशकडून कळली आहेत आणि सगुणाने ती पाठ केली आहेत. कुठल्या मांडवात घ्यायची, हे तिचं अजून ठरत नाही. त्यांच्या आया अजून वाट बघतायत ना, म्हणते.

जूनच्या शेवटी तो घरी आला. निम्मा झाला होता, दाढी वाढलेली, पण तोंड तेवढंच चालू. कुंदावहिनींनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. खाडीतले बोय मिळाले होते, खूप काटे असतात पण चव असते. कल्पिताही मढहून आली होती. तिने भावाला हळदीची सगळी कथा सांगितली, तेरावं पान, दर्याचं जेवण, आहेर, सगळं.

अल्पेश हसत सुटला. "म्हनजे मी दर्याचा आयेर? पाकिटातून आलो काय?" मग माझ्याकडे वळला. "आनि वहिनी, पान तू वाढवलंस? मना मारायला निगाली व्हतीस!"

"झालं चुकून," मी म्हटलं. "तुझ्यासारख्या पाव माणसाला मोजायची सवय नाही मला."

सगळे हसले. धर्मादादा हसले नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"शर्मीनं नाय मांडलं," ते म्हणाले. "मी मांडलेलं. तुज्यासाठी. तुजी आय रोज दाराशी बसायची. नि मी तुना मेलेला धरला."

कुंदावहिनी हातात डाव घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सगुणा माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे.

अल्पेशने बापाकडे पाहिलं. मग आपलं ताट उचललं आणि त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

"ते पान त दर्यानं खाल्लं," तो म्हणाला. "माजं कुटं हाय? वाढ ना, बाबा."

धर्मादादांनी ताट जवळ ओढलं. बोयाचा मोठा तुकडा घेतला आणि चोवीस वर्षांच्या पोरासाठी त्यातला एकेक काटा वेचून काढायला बसले. वेळ लागत होता. कुंदावहिनी बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भाताचं पातेलं उचललं आणि त्यांच्या हाताशी आणून ठेवलं.